ट्रान्सप्लांट यशस्वी झाला, मग हिमोग्लोबिन वर का येत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे: माझ्या मिस्टरांना (वय 41) एएमएल हा रक्ताचा कर्करोग झाला होता. पाच महिन्यांपूर्वी धाकट्या दिरांच्या स्टेम सेल घेऊन ट्रान्सप्लांट झाला. मिस्टरांचा रक्तगट ओ पॉझिटिव्ह, दिरांचा ए पॉझिटिव्ह. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सुधारल्या, कायमेरिझम 100 टक्के आला आहे. हिमोग्लोबिन मात्र 6 ते 7 वर येऊन अडकतं आणि दर दोन आठवड्यांनी दोन पिशव्या रक्त चढवावं लागतं. डॉक्टर म्हणतात थोडं थांबू. आजार उलटलाय का? लोहाच्या गोळ्या, बीट, खजूर, गुळवेल यांचा उपयोग होईल का? हे रक्त चढवणं थांबणार कधी?

ताई, तुमच्या मनातली सगळ्यात मोठी भीती आजार उलटण्याची आहे, म्हणून आधी तिच्याबद्दल. तुम्ही लिहिलेल्या माहितीवरून तसं वाटत नाही. रक्ताचा कर्करोग परत येतो तेव्हा तो सहसा फक्त लाल पेशींना धरत नाही. प्लेटलेट घसरतात, पांढऱ्या पेशी घसरतात किंवा विचित्र वाढतात, आणि कायमेरिझम, म्हणजे रक्तात डोनरच्या पेशी किती टक्के आहेत तो आकडा, खाली येऊ लागतो. तुमच्या यजमानांच्या बाबतीत यातलं काहीच नाही. तरीही गेल्या दोन महिन्यांत बोन मॅरोची (हाडांतल्या मगजाची, जिथे रक्तपेशी बनतात) तपासणी झाली नसेल तर ती एकदा करून घ्यावी असं मी सांगेन. ती नुसती कर्करोगासाठी नाही. हिमोग्लोबिन का अडलंय, याचं उत्तरही त्याच सुईतून मिळतं.

आता एका स्वस्त तपासणीबद्दल. तिच्यासाठी रुग्णांना मी नेहमी आग्रह करत आलो आहे: रेटिक्युलोसाइट काउंट. आपण तिला रेटिक म्हणतो. मॅरोतून नुकत्याच बाहेर पडलेल्या कोवळ्या लाल पेशी रक्तात किती आहेत, ते ती सांगते. हिमोग्लोबिन 6 असताना मॅरो ठीक असेल तर रेटिक भरपूर वाढलेला दिसला पाहिजे. तो वाढलेला असेल तर पेशी तयार होत आहेत, पण कुठेतरी फुटत आहेत किंवा रक्तस्रावात जात आहेत. तो 1 टक्क्याच्याही खाली असेल तर पेशी तयारच होत नाहीत. हे दोन पूर्ण वेगळे रस्ते आहेत आणि त्यांचे उपचारही वेगळे. तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टांमध्ये हिमोग्लोबिन पंधरा वेळा तरी आहे, रेटिक एकदाही नाही. पुढच्या वेळी रक्त चढवण्याआधी घेतलेल्या नमुन्यातच रेटिक, एलडीएच आणि बिलिरुबिन (पेशी फुटल्या की हे दोन्ही वाढतात), कूम्ब्स टेस्ट (लाल पेशींवर अँटीबॉडी चिकटल्या आहेत का) आणि पेरिफेरल स्मीअर (रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं) करायला सांगा.

तुमच्या माहितीत आणखी एक खूण दडलेली आहे. लाल पेशी साधारण 120 दिवस जगते. मॅरोने एकही नवी पेशी दिली नाही, तर हिमोग्लोबिन आठवड्याला पाऊण ते एक ग्रॅमने उतरत जातं. एका पिशवीने ते साधारण एक ग्रॅमने वाढतं. म्हणजे दोन आठवड्यांत दोन पिशव्या हा हिशेब निर्मिती जवळजवळ शून्य असल्याशी तंतोतंत जुळतो. पेशी फुटत असत्या किंवा पोटात रक्तस्राव चालू असता, तर दोन पिशव्या बहुधा इतके दिवस पुरल्या नसत्या.

हे सगळं एकत्र पाहिलं, की ओ गटाचा रुग्ण आणि ए गटाचा डोनर या जोडीत येणारी एक ओळखीची गुंतागुंत समोर येते: प्युअर रेड सेल अप्लेसिया. मॅरोत बाकी सगळं आहे, फक्त लाल पेशींची रोपंच नाहीत.

असं का होतं ते सांगतो. स्टेम सेलसाठी डोनर निवडताना एचएलए, म्हणजे पेशींवरची ओळखखूण, जुळावा लागतो, रक्तगट नव्हे. दोन्ही वेगवेगळ्या गुणसूत्रांवरून येतात, त्यामुळे सख्ख्या भावाचा एचएलए शंभर टक्के जुळूनही रक्तगट वेगळा असू शकतो, आणि असे ट्रान्सप्लांट रोज होतात. ओ गटाच्या माणसाच्या रक्तात ए गटाविरुद्ध अँटीबॉडी लहानपणापासूनच असतात. प्लाझ्मा सेल नावाच्या पेशी त्या अँटीबॉडी बनवतात. ट्रान्सप्लांटआधीच्या केमोथेरपीत जुनी मॅरो गेली, पण या प्लाझ्मा सेल फार चिवट असतात. ज्यांना हलकी कंडिशनिंग (ट्रान्सप्लांटआधीची केमोथेरपी) दिली जाते त्यांच्यात तर त्या महिनोन् महिने तग धरून राहतात. कायमेरिझमची तपासणी त्यांना मोजत नाही, म्हणून तिथे 100 टक्के दिसतं आणि तरीही यजमानांच्या जुन्या शरीराचा हा एवढा अवशेष काम करत राहतो. दिरांच्या स्टेम सेलवर ए गटाची खूण नसते, म्हणून पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट वेळेवर आल्या. लाल पेशींच्या बाळपेशींवर मात्र ती खूण मॅरोतच उमटते आणि अँटीबॉडी त्यांना तिथेच मारते. रक्तात काही फुटत नाही, म्हणून कावीळ दिसत नाही, लघवी लाल होत नाही. नुसतं हिमोग्लोबिन येत नाही.

तेव्हा रेटिकच्या जोडीला दुसरी महत्त्वाची तपासणी म्हणजे अँटी-ए टायटर, म्हणजे ए गटाविरुद्धच्या अँटीबॉडीचा जोर, आयजीएम आणि आयजीजी या दोन्ही प्रकारांचा. ब्लड बँकेत ती होते आणि खर्च फारसा नाही. 1:256, 1:64, 1:16 असे आकडे येतात; उजवीकडचा आकडा जितका मोठा, तितकी अँटीबॉडी जास्त. एकच आकडा फारसं काही सांगत नाही. दर तीन आठवड्यांनी तो उतरतोय का, हे पाहायचं. आणि शक्यतो एकाच ब्लड बँकेतून करा, कारण प्रत्येकीच्या पद्धतीत फरक असतो.

पण निदान पक्कं करण्याआधी बाकीच्या गोष्टी बाजूला काढल्या पाहिजेत. ट्रान्सप्लांटच्या रुग्णात एका वेळी दोन कारणं असणं अगदी नेहमीचं आहे.

औषधांची यादी काढा. मायकोफेनोलेट, व्हॅलगॅनसायक्लोव्हिर, को-ट्रायमॉक्साझोल ही तिन्ही मॅरोला दाबतात. ती बहुधा पांढऱ्या पेशींनाही खाली आणतात, म्हणून तुमच्याकडे ती एकटी दोषी असण्याची शक्यता कमी. लाइनझोलिड चालू असेल, क्षयरोगासाठी किंवा एखाद्या हट्टी जंतुसंसर्गासाठी, तर ते जरूर सांगा. सल्फाची ॲलर्जी असल्यामुळे को-ट्रायमॉक्साझोलऐवजी डॅप्सोन दिलं असेल तर आणखी एक गोष्ट पाहायची असते. आता पेशी दिरांच्या आहेत, त्यामुळे जी6पीडीची (लाल पेशींना जपणाऱ्या एन्झाइमची; ते कमी असलं तर डॅप्सोनने पेशी फुटतात) कमतरता यजमानांना नव्हे, दिरांना आहे का हे तपासायचं. यजमानांचा जुना नॉर्मल रिपोर्ट इथे उपयोगाचा नाही.

हाच धागा धरून थॅलेसेमियाबद्दल सांगायलाच हवं, कारण आपल्याकडे हे कारण वारंवार सुटतं. भारतात साधारण 3 ते 4 टक्के लोक बीटा थॅलेसेमिया मायनर, म्हणजे या आनुवंशिक रक्तदोषाचे वाहक, आहेत. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा काही समाजांत त्याहून जास्त. विदर्भात, नंदुरबारकडे सिकल सेलचे वाहकही बरेच आहेत. मायनर असलेला माणूस निरोगी असतो आणि डोनर म्हणून तो चालतो. पण मग रुग्णाचं हिमोग्लोबिन डोनरइतकंच होणार, साडेनऊ-दहा, आणि एमसीव्ही (लाल पेशीचा आकार) 65 च्या आसपास. अशा रुग्णांना वर्षभर लोहाच्या गोळ्या आणि इंजेक्शनं दिलेली मी पाहिली आहेत, आणि ते पाहून जीव तुटतो, कारण डोनरचा एक एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार दाखवणारा) रिपोर्ट काढून पाहिला असता तर हे सगळं टळलं असतं. तुमच्या बाबतीत 6 हा आकडा नुसत्या मायनरने येणार नाही, तरी दिरांचा ट्रान्सप्लांटआधीचा सीबीसी शोधून ठेवा. यजमानांचं हिमोग्लोबिन शेवटी कुठपर्यंत पोचणार, हे त्यावरून कळेल.

पार्वोव्हायरस बी19 हा विषाणूही नेमका लाल पेशींच्या बाळपेशींनाच मारतो आणि चित्र हुबेहूब असंच दिसतं. दबलेल्या प्रतिकारशक्तीत त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार होतीलच असं नाही, म्हणून पीसीआरच करायची. तो सापडला तर आयव्हीआयजीने (शिरेतून दिलेल्या तयार अँटीबॉडींनी) बहुतेकांचा रेटिक पंधरवड्यात उसळतो. ही तपासणी मी कधीच सोडत नाही. इतक्या सोप्या उपचाराचं कारण हातचं निसटू देणं परवडत नाही.

सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांमुळे कधी बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तर दुखावतं आणि त्यातून जाताना लाल पेशी चिरल्या जातात. त्याला टीएमए म्हणतात. यात प्लेटलेट घसरतात, एलडीएच वाढतं, रक्तदाब चढतो, लघवीत प्रोटीन जातं, स्मीअरमध्ये तुटक्या पेशी दिसतात. तुमच्या वर्णनाशी हे जुळत नाही, पण यातलं काही नव्याने दिसलं तर तो दिवस थांबण्याचा नसतो. लगेच ट्रान्सप्लांट केंद्राला फोन करा. बी12 एकदा पाहून घ्या, विशेषतः घरी शाकाहार असेल आणि पँटोप्राझोल महिनोन् महिने चालू असेल तर. क्रिएटिनिन, थायरॉइड आणि पुरुषांमध्ये टेस्टोस्टेरॉन, हेही. आतड्याच्या जीव्हीएचडीत (डोनरच्या पेशी रुग्णाच्या शरीरावर उलटतात तेव्हा) शौचावाटे थोडं थोडं रक्त जात राहू शकतं, तेव्हा शौचाचा रंग विचारायला डॉक्टर विसरले तरी तुम्ही सांगा.

समजा, मॅरोत लाल पेशींच्या बाळपेशी नाहीत, बाकी पेशी ठीक आहेत, पार्वो नाही, टायटर वर आहे. निदान झालं. आता उपचार.

तुमचे डॉक्टर थांबू म्हणाले त्यात चूक काही नाही. यातले बरेच रुग्ण औषधाविना बरे होतात. डोनरच्या प्रतिकारपेशी हळूहळू त्या उरलेल्या प्लाझ्मा सेल शोधून संपवतात, टायटर उतरतो आणि एक दिवस रेटिक 0.2 वरून 3 वर जातो. पहिले तीन-चार महिने टायटर उतरत असेल तर मीही थांबतो. पण पाच महिने होऊन टायटर जागच्या जागी असेल, तर नुसतं थांबत राहणं मला पटत नाही. प्रत्येक पिशवीबरोबर लोह साठतं, नव्या अँटीबॉडी तयार होण्याची शक्यता वाढते, आणि घरातल्या माणसांचं आयुष्य ब्लड बँकेच्या वेळापत्रकाला बांधलं जातं. याची किंमत कुठल्याच रिपोर्टात छापून येत नाही.

पहिलं पाऊल म्हणजे सायक्लोस्पोरिन कमी करणं. हे औषध डोनरच्या प्रतिकारपेशींना आवरून धरतं. हात सैल केला की त्या आपलं काम करतात. जीव्हीएचडीची काही चिन्हं नसतील तर पाचव्या महिन्यात डोस उतरवायला बहुतेक डॉक्टर तयार असतात. पण ताई, हे स्वतःच्या मनाने अजिबात करू नका. एकदम गोळी सोडली आणि आतड्याचा किंवा यकृताचा जीव्हीएचडी भडकला, तर हिमोग्लोबिनचा प्रश्न त्यापुढे काहीच नाही.

त्याबरोबर एरिथ्रोपोएटिनची, म्हणजे लाल पेशी बनवायला सांगणाऱ्या संप्रेरकाची, इंजेक्शनं देता येतात. ट्रान्सप्लांटनंतर बऱ्याच रुग्णांत मूत्रपिंड हे संप्रेरक गरजेइतकं बनवत नाही, सायक्लोस्पोरिन चालू असेल तर आणखीच कमी. डोनरच्या ए गटाचा अडथळा नसलेल्या साध्या रक्ताल्पतेत ही इंजेक्शनं छान काम करतात. या अप्लेसियात त्यांचा भरवसा कमी, कारण बाळपेशी जन्मतात आणि मारल्या जातात. तरी सहा ते आठ आठवडे देऊन पाहायला हरकत नाही, रक्तदाब सांभाळून. तेवढ्यात रेटिक हलला नाही तर बंद करावीत.

स्टिरॉइडने मला इथे फारसं यश दिसलेलं नाही, आणि संसर्गाचा धोका मात्र नक्की वाढतो. प्लाझ्मा एक्सचेंजने रक्तातल्या अँटीबॉडी धुतल्या जातात, पण बनवणाऱ्या पेशी तशाच राहतात. त्यात ओ गटाच्या लोकांत अँटी-ए बऱ्यापैकी आयजीजी प्रकारचं असतं, ते रक्ताबाहेरही पसरलेलं असतं आणि पुन्हा भरून येतं. रिटुक्सिमॅब भारतात 2007 पासून इथल्याच कंपन्यांचं मिळतं, त्यामुळे बरंच आवाक्यात आलं आहे आणि म्हणून बहुतेक ठिकाणी ते आधी वापरलं जातं. काहींना गुण येतो. पण ते ज्या सीडी20 खुणेवर जाऊन बसतं, ती प्लाझ्मा सेलवर नसते. ते फक्त त्यांच्या आधीच्या पिढीला मारतं. चिवट जुन्या प्लाझ्मा सेल शिल्लक राहिल्या तर टायटर हलत नाही.

डॅराटुमुमॅबने इथे चित्र पालटलं. हे मल्टिपल मायलोमाचं औषध. मायलोमा हा प्लाझ्मा सेलचाच कर्करोग, आणि हे औषध त्यांच्यावरच्या सीडी38 खुणेला धरतं. 2018 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अशाच एका रुग्णाची हकिकत आली: बाकी उपचार हरल्यावर हे दिलं आणि लाल पेशी परतल्या. त्यानंतर अनेक देशांतून असे अनुभव आले आहेत. मोठी तुलनात्मक चाचणी नसली तरी, टायटर अडलेला आणि रक्ताची गरज चालू असलेला रुग्ण समोर असेल, तर मी आता याच्याकडे पूर्वीपेक्षा लवकर वळतो. गुण यायचा असेल तर बहुधा काही आठवड्यांत रेटिक सांगतो. औषध महाग आहे आणि या आजारासाठी त्याच्या वेष्टनावर मान्यता छापलेली नाही, म्हणून विमा कंपनी अडवू शकते. केंद्राच्या समाजसेवकाकडे आणि कंपनीच्या रुग्ण-साहाय्य योजनेकडे आधीच अर्ज द्या.

ते देण्याआधी मात्र दोन गोष्टी झाल्याच पाहिजेत. हेपटायटिस बीची तपासणी, अँटी-एचबीसीसकट. जुना दबलेला संसर्ग उठू शकतो, रिटुक्सिमॅबलाही हेच लागू आहे. आणि ब्लड बँकेला लेखी कळवणं. डॅराटुमुमॅब लाल पेशींवरही थोडं चिकटतं, त्यामुळे पुढचे काही महिने क्रॉसमॅच (पिशवी जुळते का ही तपासणी) खोटीच बिघडलेली दिसते. ब्लड बँकेला माहीत असेल तर ती डीटीटी नावाचं रसायन वापरून मार्ग काढते. माहीत नसेल तर रात्री अकरा वाजता तुम्हाला 'एकही पिशवी जुळत नाही' असं ऐकावं लागतं.

रक्त चढवण्याबद्दल. लाल पेशी ओ गटाच्याच घ्यायच्या. प्लेटलेट किंवा प्लाझ्मा कधी लागलाच तर तो ए किंवा एबी गटाचा. ओ गटाच्या प्लाझ्मात अँटी-ए असतं, म्हणजे ज्याच्याशी लढतोय तेच आपण आणून घातल्यासारखं होतं. गावाकडच्या रुग्णालयात 'पेशंट ओ, मग सगळं ओ' असं सरळ गणित केलं जातं, त्यांना दोष नाही, पण तुमच्याकडे केंद्राचं पत्र असू द्या. प्रत्येक पिशवी ल्युकोसाइट (पांढऱ्या पेशी) काढलेली आणि इरॅडिएटेड (किरण दिलेली) हवी, किमान 25 ग्रे. नाहीतर त्या रक्तातल्या लिम्फोसाइट यजमानांच्या शरीरावर उलटू शकतात, आणि ती गुंतागुंत जवळजवळ नेहमी जीवघेणी ठरते. धोका सगळ्यात जास्त रक्ताच्या नात्यातल्या माणसाच्या रक्ताचा असतो. प्रेमापोटी मुलगा किंवा चुलतभाऊ रक्त द्यायला पुढे येतो; त्याचं रक्त ब्लड बँकेत दुसऱ्या रुग्णांसाठी जाऊ द्या. साधारणपणे हिमोग्लोबिन 7 च्या खाली गेल्यावर रक्त देतात, हृदयाचा त्रास असेल तर 8. छातीत दुखणं, बसल्या जागी धाप, भोवळ असेल तर आकडा न पाहता दवाखाना गाठायचा.

आणि लोह. कृपा करून देऊ नका. एका पिशवीत 200 ते 250 मिलिग्रॅम लोह असतं. पाच महिन्यांत वीस पिशव्या धरल्या तर चार-पाच ग्रॅम झालं, जेवढं निरोगी माणसाच्या अख्ख्या शरीरात असतं तेवढं वरून चढलं. शरीराला जास्तीचं लोह बाहेर टाकता येत नाही. ते यकृतात, हृदयात साठतं. गोळी किंवा इंजेक्शन त्यात भरच घालेल. फेरिटिन (लोहाच्या साठ्याची तपासणी) करून घ्या, पण दाह असला तरी ते वाढतं, म्हणून शंका असेल तर यकृताचा एमआरआय टी2 स्टार. लोह उतरवायची डेफेरासिरॉक्स गोळी सायक्लोस्पोरिन चालू असताना मूत्रपिंडावर ताण आणते. मी शक्यतो थांबतो. हिमोग्लोबिन 11-12 ला स्थिर झालं की दर काही आठवड्यांनी 300-400 मिलिलिटर रक्त काढून घेतात आणि लोह त्याबरोबर निघून जातं. ज्यांनी महिनोन् महिने रक्त चढवून घेतलं, त्यांना 'आता काढायला या' म्हणताना मला फार आनंद होतो.

बीट, खजूर भाजीफळ म्हणून खाऊ द्या, स्वच्छ धुऊन, केंद्राने आखलेल्या पथ्यात बसत असतील तर. त्यांनी हिमोग्लोबिन वाढणार नाही आणि तेवढ्याने बिघडणारही नाही. गुळवेल मात्र पूर्ण बंद. ती प्रतिकारशक्तीला डिवचते, आणि आपण महागड्या गोळ्यांनी तीच आवरून धरली आहे. शिवाय 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेलीमुळे यकृताला सूज आलेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली आहे. व्हीटग्रासचा कच्चा रसही नको, त्यात जंतू आणि बुरशी असू शकते.

थांबणार कधी, याची नक्की तारीख मी देऊ शकत नाही, पण कुठे बघायचं ते सांगतो. आधी टायटर उतरेल. मग रेटिक 1 च्या वर जाईल. मग रक्तगटाच्या तपासणीत 'मिक्स्ड फील्ड' असा शेरा येईल, म्हणजे ओ पेशींमध्ये ए गटाच्या पेशी दिसायला लागल्या. तो शेरा पाहून घाबरू नका, लॅबची चूक समजून पुन्हा तपासणीही करू नका. त्यानंतर दोन रक्तांमधलं अंतर आपोआप लांबत जातं.

आणि शेवटी यजमानांचा रक्तगट ए पॉझिटिव्ह होईल. ड्रायव्हिंग लायसन्सवर, कंपनीच्या ओळखपत्रावर ओ लिहिलेलं असेल ते बदलून घ्या. ए गटाचं रक्त कधीपासून चालेल, हे ब्लड बँक अँटी-ए पूर्ण गेल्याची खात्री करून ठरवेल. तोवर पाकिटात केंद्राचं कार्ड ठेवा: मूळ गट ओ, डोनर ए, लाल पेशी ओ, प्लाझ्मा आणि प्लेटलेट ए किंवा एबी, सर्व रक्त इरॅडिएटेड. खाली केंद्राचा चोवीस तास चालू असलेला फोन नंबर लिहा आणि त्याची एक प्रत तुमच्या पर्समध्येही असू द्या.